म्हातारी आडवी केली तेव्हा

आमच्या रामवाडीतल्या गॅरेजला खड्डा नव्हता. आप्पांनी एकदा खणायला घेतला होता म्हणे, पण हातभर खणलं तर खालून मचूळ पाणी वर आलं, नि पावसाळा लागला तशी त्यात बेडकं नांदायला लागली. शेवटी आईनं चुलीतली राख नि विटांचे तुकडे टाकून तो बुजवून टाकला. दुसऱ्या गावच्या मेस्त्रींचं बरं असतं. गाडी खड्ड्यावर उभी करायची, आपण खाली उतरायचं, मान वर करून काम करायचं. आप्पांना ते सुख नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मान वर करून वेल्डिंग धड होतही नाही, वितळलेला पत्रा टपकतो तो सरळ तोंडावर. म्हणून गाडीच्या पोटाचं काम आलं की आप्पा गाडीलाच कुशीवर निजवायचे. दोन चाकं जमिनीलगत, दोन आभाळात, नि पोट आपल्यासमोर भिंतीसारखं उभं. हायवेवरून जाणारे ट्रकवाले वेग कमी करून ओरडायचे, "मेस्त्री, कुणी मेलं-बिलं काय?" आप्पा तोंडातली बिडी न काढता सांगायचे, "नाय, झोपलीय. हॉर्न मारू नको."

आप्पा म्हणजे माझे वडील. गॅरेज पुढं, घर मागं नि मधे अंगण, अशी आमची जागा. त्या अंगणावरून आई नि आप्पांची रोज जुंपायची. आई पोह्याचे पापड करून विकायची, पेणमध्ये बऱ्याच बायका करतात तसे. खाटेवर धुतलेलं लुगडं पसरून तिनं पापड वाळत घातले की आप्पांना नेमकं काहीतरी घासायचं नाहीतर तासायचं असायचं. "माझ्या पापडाला तुमच्या लोखंडाचा वास मारतोय," आई आतून ओरडायची. "लोखंड अंगाला चांगलं," आप्पा बाहेरून. शेजारी जनूकाकांचा गणपतीचा कारखाना. सकाळी जाग यायची ती त्यांच्याकडं शाडू मळायच्या थपथप आवाजानं, मग आप्पांची हातोडी, मग आईचं लाटणं. दुपारी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी नि बुक्कीनं फोडलेला कांदा. सुकट मिळाली तर त्या दिवशी सगळेच एकमेकांशी गोड बोलायचे. आणि या सगळ्यावर कार्बाइडचा वास. वेल्डिंगचा गॅस करायला टाकीत कार्बाइड नि पाणी घालतात, त्याला लसूण नासल्यासारखा उग्र वास येतो. आमच्या कपड्यांना, पांघरुणांना, केसांना तो वास असायचा. हल्ली सून लसूण फार दिवस टोपलीत ठेवून देते तेव्हा मी नाक वर करून उभी राहते. तिला वाटतं, सासू टोमणा मारतेय. मारते कधीकधी, पण त्या वेळी नाही.

वेल्डिंग मला आप्पांनी मुद्दाम शिकवलं नाही. त्यांची नजर उतरायला लागली होती. आयुष्यभर ज्योतीकडं बघून डोळ्यांत कायम वाळू गेल्यासारखं व्हायचं त्यांना. दुपारी डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडायचे नि मला म्हणायचे, "शालू, जरा तो टाका मारून ठेव गो, मी बघतो मग." एक टाका मारता मारता मी पूर्ण सांधा घालायला लागले. पातळ पत्र्याला हात हलका लागतो. ज्योत एका जागी जरा रेंगाळली की पत्र्याला भोक, नि घाईनं पुढं नेली की सांधा कच्चा. भाकरी तव्यावर कधी उलटायची हे जसं कुणी सांगू शकत नाही तसंच ते. माझ्या अंगात वसंतदादाचा जुना फुल शर्ट, साडीचा पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. आई कपाळावर हात मारायची. "हिला कोण करून घेणार?" आप्पा पंच्याखालून म्हणायचे, "करील त्याचं नशीब." वीस वर्षांची होते मी. असं कुणी आपल्याविषयी म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं. माझ्याही चढलं.

वसंतदादा माझा मोठा भाऊ. त्याला नावं ठेवायला आज तोंड उघडलंच आहे तर आधी चांगलं सांगते. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड. रुसलेलं गिऱ्हाईक त्याच्या दोन वाक्यांत चहा मागायला लागायचं. लहानपणी मला खांद्यावर बसवून खाडीच्या बांधापर्यंत न्यायचा. मी वेल्डिंग करताना कडेला उभा राहून वारा घालायचा नि म्हणायचा, "बाई, तुझा हात म्हणजे हात नाय, सुई हाय सुई." त्याचा स्वतःचा हात मात्र जड. इंजिन खोलायला उत्तम, पण पत्र्यावर ज्योत धरली की चाळण. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं नि मला त्याची मजा वाटायची. आमचं दोघांचं फार जमायचं. म्हणूनच तर.

तर ती गाडी. रोह्याचे एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांची. काळी, लांब नाकाची, जुनी विलायती मोटार. तिला सगळे म्हातारीच म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. खाडीकडच्या गावांत, मिठागरांच्या वाटांनी डॉक्टर ती घेऊन व्हिजिटला जायचे. खारा चिखल पोटाला चिकटून चिकटून म्हातारीचं पोट इतकं सडलं होतं की मागच्या सीटवर बसलेल्या पेशंटला पायाखालचा रस्ता दिसायचा. मुंबईच्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं होतं, भंगारात घाला. डॉक्टर आले ते आप्पांकडं. म्हणाले, "मेस्त्री, माझ्या लग्नाची वरात हिच्यातून निघाली होती. आता बायको नाही, ही आहे." आणि जाता जाता आणखी एक म्हणाले. धाटावला कारखाने येत होते, रोह्याहून तिकडं शिफ्टच्या गाड्या, स्कूटरी धावायला लागल्या होत्या. त्याच रस्त्यावर दवाखान्याजवळ डॉक्टरांचा एक गाळा रिकामा होता. "हिचं पोट ज्या हातानं नीट होईल त्या हाताला तो गाळा चालवायला देईन. मला माणूस पारखून ठेवायचाय."

म्हातारी आमच्याकडं ठेवून डॉक्टर एस.टी.त बसले तसे आप्पा माझ्याकडं वळले. वसंतदादा तिथंच होता, आई पापडाच्या पिठाची चाळण घेऊन दारात होती. सगळ्यांदेखत आप्पा म्हणाले, "पोट तूच करायचंस गो. म्हातारी उभी राह्यली की रोह्याचा गाळा तुझा. वसंता इंजिनं बघंल, पण गल्ल्यावर नि ज्योतीवर तू. बोललो." दादानं माझ्या डोक्यावर टपली मारली. "मालकीणबाई, आमाला चहाची सुट्टी द्या." आई चाळण घेऊन आत गेली. रोहा म्हणजे काही विलायत नव्हे, एस.टी.नं जाऊन येण्यासारखं गाव. पण तोवर पेणमधल्या, रोह्यातल्या कुठल्याच गॅरेजवर मी बाई बसलेली बघितली नव्हती. माझ्या नावाची पाटी कशी रंगवायची इथपर्यंत मी मनात जाऊन आले.

आता गाडी आडवी कशी करतात ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. आधी बॅटरी काढायची, ऑइल सोडायचं, पेट्रोलची टाकी खोलून पार मागच्या अंगणात नेऊन ठेवायची. सीट बाहेर. काचा खाली करायच्या, नाहीतर वजन पडलं की तडकतात. मग ज्या बाजूवर निजवायची तिथं जुने टायर नि भाताचा पेंढा अंथरायचा. पेंढ्याला आमच्याकडं तोटा नव्हता. जनूकाका गणपती पेटीत भरताना पेंढाच घालायचे, त्यांच्या मागच्या पडवीत पेंढ्या रचलेल्या असायच्या. आणि माणसंही त्यांचीच. मोठाली मूर्ती चिरा न पाडता कशी कलती करायची हे त्या लोकांच्या हातात मुरलेलं. दहाबारा जण एका बाजूला उभे राहायचे, जनूकाका "मोऽरया" म्हणायचे नि "रया"वर गाडी उचलली जायची, मग पलीकडचे तिला हळूहळू छातीवर घेऊन पेंढ्यावर टेकवायचे. एकदा निजली की वासे लावून पक्की करायची नि मग सगळा पेंढा काढून घ्यायचा. टायरसुद्धा. त्यांच्या जागी लाकडी ठोकळे नि वाळूची ओली पोती. पेंढा हलवायला पुन्हा माणसं लागतात, गाडी जरा उचलून धरावी लागते, तरच दबलेली पेंढी निघते.

यात आप्पांची एक रीत होती, नि ती मोडलेली मी पाहिली नव्हती. पेंढा ज्यानं घातला त्यानंच काढायचा. कारण कुठं किती घातला हे त्यालाच ठाऊक, वरून दिसत नाही. आणि काढून झाला की त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "पेंढा निघाला." वेल्डिंगवाल्यानं विचारायचं, "निघाला?" त्यानं पुन्हा म्हणायचं, "निघाला." त्याशिवाय काडी ओढायची नाही. चष्मा घातला की समोरचा ठिपका सोडून काही दिसत नाही, तेव्हा दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दावर आपला जीव असतो. आप्पा म्हणायचे, "देवळात खोटा बोललास तरी चालंल, इथं नाय."

म्हातारी पहिल्यांदा निजवली ती डाव्या कुशीवर. पेंढा आप्पांनी स्वतः घातला, स्वतः काढला, नि "निघाला" म्हणाले ते पार हायवेपर्यंत ऐकू गेलं. मी सडलेला पत्रा कापून काढला, खाली बरा पत्रा लागेपर्यंत कापत राहिले, नि मग ठिगळं बसवत गेले. काय सांगू, त्या दिवसांत मी कुणाशी धड बोलत नव्हते. आई हाक मारून थकायची, शेवटी भाकरीवर बिरडं घालून तिथंच आणून द्यायची. सांधा घालून झाला की मी हातोडीनं खरपुडी झाडायची, हात फिरवायची. कुठं गाठ नाही, कुठं भोक नाही. आप्पा डोळे बारीक करून, बोटानं चाचपून बघायचे. त्यांना दिसत नव्हतं फारसं, पण बोटांना कळायचं. एकदा चाचपता चाचपता थांबले नि म्हणाले, "माज्यापरीस बरा हाय." बस. एवढंच. पण आप्पांच्या तोंडून तेवढं म्हणजे पुष्कळ होतं.

एक कूस झाली, म्हणजे हाताशी वर आलेलं निम्मं पोट; जमिनीकडचं निम्मं गाडी उलट कुशीवर घेतल्याशिवाय होत नाही. दुसऱ्या कुशीवर निजवायची त्या सकाळी आप्पा पहिल्या एस.टी.नं रोह्याला गेले, गाळ्याचं माप घ्यायला. म्हणजे बघा, गाळा आमचाच झाल्यासारखं चाललं होतं. जाताना दादाला सांगून गेले, पेंढ्याचं तू बघ. जनूकाका नि त्यांची माणसं आली, म्हातारी उजव्या कुशीवर निजली, वासे लागले. पेंढा काढायला माणसांनी एकदा गाडी उचलून धरली, दादानं ओढून ओढून पेंढ्या बाहेर काढल्या, ठोकळे सरकवले. माणसं परत कारखान्यात गेली, गणपती जवळ आले होते, त्यांना उसंत नव्हती. जनूकाका तेवढे बिडी ओढत रेंगाळले. दादा जमिनीवर पालथा होऊन आत वाकून बघत होता. मग उठला, पँट झटकली.

"पेंढा निघाला," म्हणाला.

"निघाला?" मी विचारलं.

"निघाला गो. लाव."

मी चष्मा घातला.

किती वेळ झाला असेल सांगता येत नाही. मागच्या चाकाजवळचा पत्रा फार कुजका होता, वितळलेले थेंब आतल्या बाजूला पडत होते. ते उघड्या काचेच्या जागेतून सरळ खाली जमिनीवर जाणार, जाऊ देत, म्हणून मी निर्धास्त होते. आधी मला धूर दिसला नाही, वास आला. कार्बाइडचा नव्हे, शेतात पालापाचोळ्याचा राब भाजतात तेव्हा येतो तसा. मी चष्मा वर केला तर म्हातारीच्या आतून ज्वाळ वर येत होती. ज्योत बंद केली, गॅसच्या टाकीचा कॉक फिरवला, नि ओरडले असणार, कारण जनूकाका धावत येताना दिसले. खाली वाकून हात आत घातला. हाताला पेंढी लागली. अक्खी, बांधलेली, पेटलेली. ती ओढायला गेले नि डावा हात कोपरापर्यंत भाजला.

पाणी आणायला विहिरीवर जायला वेळ नव्हता. जनूकाकांनी काय केलं, तर कारखान्यातली भिजवलेल्या शाडूची पातेली उचलून आणायला लावली. त्यांची माणसं पातेल्यावर पातेलं आणून म्हातारीवर ओतत होती, तो पांढरा गारा आत, बाहेर, ठोकळ्यांवर, माझ्या हातावर. आग विझली. एका कारखान्याची दोन दिवसांची माती गेली, त्याबद्दल जनूकाकांनी पुढं कधी चकार शब्द काढला नाही. आतलं छताचं कापड जळून गेलं होतं, खालच्या दाराचा रंग फोड येऊन सोलला होता. पोट मात्र शाबूत. मी तिथंच जमिनीवर बसले. दादा माझ्या हाताला कोरफड लावत होता.

"दोनच राह्यल्या होत्या गो," हळूच म्हणाला. "दबल्या होत्या, निघंनात. माणसं नुकतीच गेली होती, परत कुठं बोलवू? मला वाटलं ओली पोती हायत बाजूला, काय होतंय."

"मग निघाला कशाला बोललास?"

"आप्पांना मीच सांगतो. तू काय बोलू नको. मी सांगतो."

आणि सांगितलं त्यानं. खोटं कशाला बोलू? आप्पा दुपारी परत आले, अंगणात उभं राहून सगळं बघितलं, मग दादाला आत घेऊन गेले. मी पडवीत हात वर धरून बसले होते, मधे कुडाची भिंत. दादाचं रडणं ऐकलं, "मीच निघाला बोललो, आप्पा" हे ऐकलं, नि एक कानशिलात बसल्याचा आवाज ऐकला. मला त्याची कीव आली. खरंच आली. मनात म्हटलं, जाऊ दे, खरं बोलला ना. आप्पांना कळलं ना. मी त्या दिवशी इतका दुखणारा हात घेऊनही शांत झोपले. आज त्या झोपेचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. म्हातारी तशीच कुशीवर, अंगावर वाळलेला शाडू. डॉक्टर तिच्याभोवती फिरले, सोललेल्या दाराला हात लावला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, "कसं झालं, मेस्त्री? तुमच्याकडं असं होत नाही कधी."

आप्पा खाकरले. दादा त्यांच्या मागं उभा होता. मी समोर, हाताला फडकं बांधलेलं.

"पोरीनं न बघता ज्योत लावली, डॉक्टर," आप्पा म्हणाले. "पोरीची जात. घाई केली. चूक माजी, तिच्या हातात दिला."

मला आधी वाटलं, ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. जनूकाका त्यांच्या दारातून पुढं आले. "अरे पण वसंता बोलला ना निघाला म्हणून, मी हुतो की हितं..."

"जनू, तू गप रे," आप्पा त्यांच्याकडं न बघता म्हणाले. जनूकाका मागं सरले. शेजाऱ्याच्या घरातलं, कुठवर बोलणार?

डॉक्टर माझ्याकडं वळले, फडकं सोडून हात बघितला, खिशातून मलम काढून दिलं. "जपावं, बाळ," म्हणाले. मग म्हातारीच्या पोटाशी वाकले. झालेल्या बाजूच्या सांध्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "हे मात्र सुरेख झालंय. कुठं जोड आहे ते कळत नाही. हे कुणी केलं?"

"वसंतानं," आप्पा म्हणाले.

एका श्वासात. जराही न अडखळता. मी दादाकडं बघितलं. मला वाटलं, आता हा बोलेल. काल रडला तो, कानशिलात खाल्लेला, तो बोलेल. दादा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा त्यानं वर बघितलं नि हसला. गोड हसायचा तो. मेल्या, तोंड होतं ना तुला?

मी स्वयंपाकघरात गेले. आई तांदळाचं पीठ मळत होती, मान वर न करता. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. तिघांचं आधीच ठरलं होतं, मी शांत झोपले होते तेव्हा. मी म्हटलं, "आई, आप्पा खोटं बोलले."

"हळू बोल, डॉक्टर बाहेर हायत." मग म्हणाली, "तुझं काय जातं गो? आज ना उद्या तू दुसऱ्याच्या घरी. तिथं कोण तुला ज्योत धरायला लावणार हाय? त्याला जन्मभर याच धंद्यात रहायचंय. पेंढ्याचा शब्द खोटा दिला हे एकदा बाहेर गेलं तर रोह्यात काय, पेणमध्ये कोण त्याच्या हातात गाडी देईल?"

"आणि माझ्या?"

"तुज्या कोण देणार होतं?"

पुष्कळ वर्षांनी मी स्वतःला विचारलं आहे, त्यांनी आदल्या दिवशी मला समोर बसवून विचारलं असतं, शालू, भावासाठी एवढं अंगावर घे, तर मी काय म्हटलं असतं? बहुतेक हो म्हटलं असतं. रडून, भांडून, पण हो. दादासाठी मी पेटलेल्या पेंढ्यात हात घातलाच असता. पण मला विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. घरातली खुर्ची इकडची तिकडं करतानाही माणूस बसलेल्याला ऊठ म्हणतो. आणि आग माझ्या नावावर घातली ते एक वेळ ठीक, पण सांधे का काढून घेतले? ते कशाला लागत होते त्यांना?

उरलेली कूस हात बरा झाल्यावर मीच पूर्ण केली. होय, केली. म्हातारीचं पोट अर्धवट सोडणं मला जमेना. गाडी उभी राहिली, दार रंगवून झालं, डॉक्टर ती चालवत रोह्याला घेऊन गेले, नि गणपती झाल्यावर दादानं गाळ्यात बस्तान मांडलं. उद्घाटनाला मी त्याला ओवाळलं. बहिणीनं ओवाळायचंच असतं. पाटीवर त्याचं नाव होतं, अक्षरं चांगली काढली होती. त्यानंतर पेणच्या गॅरेजात आप्पांनी मला ज्योत धरू दिली नाही. "लोकं बोलतात," म्हणायचे. लोकांना बोलायला कुणी दिलं होतं? मी आईबरोबर पापड लाटायला लागले. माझ्या पापडाला लोखंडाचा वास येत नव्हता, गिऱ्हाईक खूश.

दिवाळी होऊन वालाची पेरणी झाली होती. एका सकाळी आप्पा चहा पिता पिता म्हणाले, "आवर गो, रोह्याला जायचंय." मी विचारलं, कशाला. डॉक्टरांच्या ओळखीतल्या कुणा साहेबांची अशीच जुनी गाडी दादाकडं आली होती. पोटाचंच काम. दादानं पत्र्याची चाळण करून ठेवली होती नि साहेब रोज येऊन विचारत होते, म्हातारीसारखं का होत नाही. आप्पांच्या डोळ्यांना आता काहीच धड दिसत नव्हतं. "थोडं काम हाय. शटर अर्धं ओढून घेऊ, कुणाला दिसणार नाय. तू आत बस नि कर."

माझे हात पिठात होते. मी ते हळूहळू झटकले. राग आला होता, पण खोटं कशाला सांगू, त्याहून आधी आनंद झाला होता. महिनेच्या महिने मी त्या वेल्डिंगच्या सळईला, त्या निळ्या ज्योतीला हात लावला नव्हता.

"येते," मी म्हटलं. "पण आधी डॉक्टरांना खरं काय ते सांगून या. तुमच्या तोंडानं. पेंढा कुणी ठेवला नि सांधे कुणी घातले. दवाखाना गाळ्याला लागून हाय. सांगा, नि मग मला न्यायला या. मी लगेच येते."

"आता त्याचं काय गो? झालं गेलं."

"तुमचं झालं, आप्पा. माझं नाय झालं."

आप्पांनी कप खाली ठेवला. मग "बरं" म्हणाले. बरं! मी ऐकलं ते. चपला घातल्या, पिशवी घेतली नि हायवेकडं एस.टी. धरायला गेले. आई मला नको नको ते बोलली, बापाला अटी घालतेस, जीभ झडंल. मी काही ऐकत नव्हते. मी उठले, हात धुतले, ट्रंकेच्या तळाशी घातलेला दादाचा तो जुना शर्ट काढला, साडीवर चढवला, पदर खोचला, चष्मा फडक्यानं पुसला नि बाहेर ओट्यावर येऊन बसले. रोह्याहून येणारी प्रत्येक एस.टी. रामवाडीला थांबायची. एक आली, त्यात आप्पा नव्हते. मला वाटलं, डॉक्टर व्हिजिटला गेले असतील, आप्पा बाहेर बाकड्यावर वाट बघत असतील. दुसरी आली. दुपार उलटली. जनूकाका एकदा दारात येऊन माझ्याकडं बघून गेले. आईनं जेवायला हाक मारली, मी म्हटलं, रोह्याला जेवते.

उन्हं उतरताना आप्पा एस.टी.तून उतरले. चालत आले, ओट्यासमोर थांबले. माझ्या अंगातला शर्ट बघितला, मांडीवरचा चष्मा बघितला. त्यांना दिसत नव्हतं म्हणतात, पण तेवढं त्यांना दिसलं.

"जेवलीस काय गो?" म्हणाले नि माझ्या बाजूनं घरात गेले.